ब्रिटनचे सध्याचे राजकवी सायमन आर्मिटेज यांचे मुख्य काम कोणते मानावे आणि त्यांचे वाचन कोठून सुरू करावे?

कविता, कादंबऱ्या, नाटके, प्रवासवर्णने, मध्ययुगीन काव्यांची भाषांतरे आणि वर एका बँडसाठी गीते, हे सारे एकाच माणसाने लिहिल्यावर त्यातले मुख्य काय आणि हौसेचे काय, असे आपण विचारले आहे. गेली बरीच वर्षे मी आर्मिटेज यांचे लेखन आवडीने वाचत आलो आहे, त्यामुळे माझे मत आधीच सांगतो. मुख्य काम कविताच आहे. बाकीचे बहुतेक लेखन कविता पुस्तकाबाहेर, जिथे माणसे आहेत तिथे नेण्याच्या त्यांच्या खटपटीतून निघाले आहे. याला अपवाद म्हणजे दोन कादंबऱ्या. ‘लिटल ग्रीन मॅन’ आणि ‘द व्हाइट स्टफ’ या त्या दोन कादंबऱ्या वाचल्या नाहीत तरी फारसे काही बिघडत नाही.

आर्मिटेज यांचा जन्म १९६३ सालचा, आणि ते वाढले वेस्ट यॉर्कशायरमधल्या मार्सडेन या गावात. हडर्सफील्डच्या पश्चिमेला, पेनाइन डोंगररांगेच्या कुशीत वसलेले हे कापड गिरण्यांचे गाव. वर ओसाड, दलदलीचे माळ आणि खाली दरीत दगडी घरांच्या रांगा. पलीकडच्याच खोऱ्यात टेड ह्यूज जन्मले होते, आणि शाळेत ह्यूज यांच्या कविता वाचूनच आर्मिटेज यांना कवितेची गोडी लागली. पुढे मात्र त्यांनी साहित्याचे शिक्षण घेतले नाही. पोर्ट्‌समथला भूगोल शिकले, आणि मँचेस्टरला पदव्युत्तर अभ्यासासाठी विषय निवडला तो दूरचित्रवाणीवरील हिंसेचा बालगुन्हेगारांवर होणारा परिणाम हा. त्यानंतर १९९४ पर्यंत ते मँचेस्टर परिसरात प्रोबेशन अधिकारी होते, म्हणजे न्यायालयाने देखरेखीखाली सोडलेल्या आरोपींची नियमित भेट घेणे आणि त्यांच्याविषयी न्यायालयाला अहवाल देणे, हे त्यांचे रोजचे काम. वडीलही त्याच पेशात होते.

या नोकरीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे, कारण १९८९ साली आलेल्या ‘झूम!’ या पहिल्या संग्रहापासून त्यांच्या कवितेत जी बोलणारी माणसे भेटतात, ती कवीने टेबलाशी बसून कल्पिलेली वाटत नाहीत. ती आपली बाजू मांडतात, थोडे खरे सांगतात, थोडे दडवतात, आणि मध्येच असे एखादे वाक्य बोलून जातात की वाचणारा चमकतो. कोणाच्या बोलण्याची नोंद घेण्याची सवय असल्याशिवाय असे लिहिता येत नाही.

१९९३ सालच्या ‘बुक ऑफ मॅचेस’ या संग्रहातील तीस सुनीतांमागची कल्पना अशी की, आगपेटीतली एक काडी ओढावी आणि ती विझायच्या आत आपल्या आयुष्याविषयी काही सांगून संपवावे. त्यातले आई आणि मोजपट्टीचे सुनीत ब्रिटनमधल्या शाळांत हमखास शिकवले जाते. मुलाने नवे घर घेतले आहे, आणि मापे घ्यायला आई मदतीला आली आहे. ती पट्टीचे शून्याचे टोक धरून खाली उभी राहते. मुलगा पट्टी उलगडत जिना चढतो, रिकाम्या खोल्या ओलांडतो आणि शिडीवरून माळ्यावर पोचतो. आता ताण बसला आहे, पण दोन मजले खाली आईच्या चिमटीतून टोक अजून सुटलेले नाही, आणि मुलाच्या डोक्यावर आकाशाकडे उघडणारी झडप आहे. सांगायचे ते सारे घरातल्या साध्या कामातच सांगून होते. नाळ, बंधन, स्वातंत्र्य असल्या शब्दांची कवीला गरज पडत नाही.

नोकरी सोडली, तरी त्या जगाशी असलेला संबंध तुटला नाही. २००२ सालच्या ‘फेल्टम सिंग्ज’ या चित्रपटासाठी ते लंडनजवळच्या फेल्टम येथील तरुण कैद्यांशी बोलले, त्यांच्या हकिकतींवरून गीते रचली, आणि ती गीते त्या मुलांनीच कॅमेऱ्यासमोर गायिली. या चित्रपटाला बाफ्टा पुरस्कार मिळाला. २००७ सालच्या ‘द नॉट डेड’मध्ये हीच रीत त्यांनी युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी वापरली. मलाया, बोस्निया आणि आखाती युद्धांत लढलेल्या, आणि घरी परतल्यावरही युद्धातून न सुटलेल्या माणसांच्या मुलाखतींवरून त्यांनी कविता लिहिल्या. त्यांतली ‘रिमेन्स’ ही मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. बसरामध्ये बँक लुटणाऱ्या एका माणसावर तिघे सैनिक गोळ्या झाडतात; त्याच्या हातात शस्त्र होते की नव्हते हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही, आणि नेमकी तीच शंका रजेवर घरी आल्यावर त्याला झोपू देत नाही. भाषा सैनिकाची, साधी, जवळजवळ गप्पांची आहे. ‘ब्लॅक रोझेस’ ही २०११ ची रेडिओसाठी लिहिलेली रचनाही याच वळणाची आहे. केवळ वेगळा पेहराव करते म्हणून २००७ साली लँकेशायरमध्ये जमावाने जिला मारहाण करून ठार केले, त्या सोफी लँकेस्टर या तरुणीच्या आवाजात ती लिहिली आहे, आणि मधून मधून तिच्या आईचे स्वतःचे शब्द ऐकू येतात.

कविता प्रत्यक्ष जागेवर नेण्याचेही त्यांनी बरेच प्रयोग केले. मार्सडेनपासून इल्कलीपर्यंतच्या सत्तेचाळीस मैलांच्या डोंगरवाटेवर पाऊस, हिम, धुके, दव, डबके आणि ओढा या पाण्याच्या सहा रूपांवरच्या त्यांच्या कविता शिळांवर कोरल्या आहेत. कोरण्याचे काम पिप हॉल या अक्षरशिल्पी बाईंनी केले. २०१४ साली शेफील्ड विद्यापीठाच्या इमारतीवर त्यांची हवेविषयीची एक कविता सुमारे वीस मीटर उंचीच्या कापडी फलकावर लावण्यात आली. त्या कापडावर टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा लेप होता, आणि प्रकाशाच्या साहाय्याने तो लेप मोटारींच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड निष्प्रभ करीत असे. कविता हवा शुद्ध करते हे कोणी एरवी म्हटले असते तर मी हसून सोडून दिले असते!

प्रवासवर्णनेही यातच मोडतात. २०१० च्या उन्हाळ्यात त्यांनी पेनाइन वे ही सुमारे अडीचशे मैलांची पायवाट स्कॉटलंडच्या बाजूने दक्षिणेकडे, म्हणजे बहुतेकांच्या उलट दिशेने चालायला घेतली. खिशात पैसे न घेता निघायचे, रोज संध्याकाळी मुक्कामी पबात किंवा गावच्या सभागृहात कविता वाचायच्या, आणि शेवटी श्रोत्यांत एक मोजा फिरवायचा. त्यात जे पडेल त्यावर पुढचा प्रवास. ‘वॉकिंग होम’ हे त्याचे पुस्तक अतिशय विनोदी आहे, आणि विनोद बहुतेक लेखकाच्याच फजितीवर आहे.

आता भाषांतरांकडे वळतो, कारण पुढील पिढ्या त्यांना यासाठीच अधिक ओळखतील असा माझा अंदाज आहे. ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ हे राजा आर्थरच्या दरबारातल्या गवेन या सरदाराविषयीचे चौदाव्या शतकातले काव्य. त्याचे एकच हस्तलिखित उरले आहे, कवीचे नाव ठाऊक नाही, आणि त्याची भाषा लंडनची नसून वायव्येकडच्या मध्य इंग्लंडची आहे. त्या बोलीतले कित्येक शब्द आणि उच्चार आपल्या घरच्या बोलीच्या जवळचे आहेत, या जाणिवेने आर्मिटेज त्याकडे वळले. मूळ काव्य यमकापेक्षा अनुप्रासावर उभे आहे. एकेका ओळीत त्याच व्यंजनाचे तीन-तीन आघात पडतात, आणि २००७ च्या भाषांतरात त्यांनी हा आघात सोडला नाही. दरबारात घुसलेला हिरवा राक्षसी सरदार आपलेच तुटलेले डोके उचलून घोड्यावर बसतो, तो भाग मोठ्याने वाचून पाहावा. मुलीच्या मृत्यूने खचलेल्या पित्याचे ‘पर्ल’ हे काव्य त्याच हस्तलिखितातले, परंतु अधिक अवघड. तिथे अनुप्रास राखण्यासाठी त्यांनी यमकांची चौकट सोडली. हा सौदा मला पटतो, सर्वांना पटेलच असे नाही.

मे २०१९ मध्ये कॅरोल अॅन डफी यांच्यानंतर त्यांची दहा वर्षांसाठी राजकवी म्हणून नेमणूक झाली. त्याआधी चार वर्षे ते ऑक्सफर्डचे काव्याचे प्राध्यापक होते. राजकवीच्या प्रासंगिक कविता सगळ्याच चांगल्या उतरतात असे नाही, आणि यांच्याही उतरलेल्या नाहीत. राणी एलिझाबेथ यांच्या निधनानंतरच्या कवितेत ओळींच्या आद्याक्षरांतून राणीचे नाव दोनदा साधले आहे; तीत कौशल्य दिसते, पण त्यापलीकडे मला काही मिळाले नाही. मार्च २०२० मधली ‘लॉकडाउन’ मात्र आवर्जून वाचावी. लंडनहून आलेल्या कापडातल्या पिसवांमुळे १६६५ साली डर्बीशायरमधल्या ईम या गावात प्लेग शिरला आणि रोग बाहेर जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी स्वतःलाच कोंडून घेतले. तिथून सुरू झालेली ही कविता स्वप्नाच्या वाटेने थेट कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या यक्षाकडे जाते. ताटातूट झालेल्या माणसाचा निरोप मेघाने नेणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. यक्षाचा रामगिरी म्हणजे आपले रामटेक असे मानले जाते, आणि कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले आहे. यॉर्कशायरच्या कवीला ऐन साथीत तोच मेघ आठवावा, याचे मला अप्रूप वाटले.

तेव्हा सुरुवात ‘लॉकडाउन’पासून करावी, ती एका बैठकीत होते. मग ‘बुक ऑफ मॅचेस’, त्यानंतर ‘रिमेन्स’, आणि इंग्रजीचा कान तयार झाला की गवेन. ‘सीइंग स्टार्स’ हा २०१० चा, गोष्टीसारख्या गद्यप्राय आणि तऱ्हेवाईक कवितांचा संग्रह शेवटी ठेवावा, कारण आधीचे आर्मिटेज परिचयाचे असल्याशिवाय तिथली थट्टा नेमकी कशाची चालली आहे ते लक्षात येत नाही.