ग्रीसमध्ये गालाक्सिदीसारख्या छोट्या बंदराच्या गावात दोन रात्री राहावं का, की अथेन्सहून डेल्फीची एका दिवसाची ट्रिप पुरे?

तुम्ही लिहिलंय की सोबत सासू-सासरे आहेत, दोघंही शाकाहारी, हातात मोजके दिवस, आणि घरातलं कोणीतरी म्हणतंय की "डेल्फी अथेन्सहून एका दिवसात होतं, त्या गावात राहून करणार काय?" बाकीचे प्रश्न मी कदाचित स्क्रोल करून पुढे गेले असते, पण हे वाक्य मी माझ्या घरात जसंच्या तसं ऐकलंय, त्यामुळे लिहितेय.

उत्तर आधी देऊन टाकते. राहा. अथेन्सची एक रात्र कमी करा, बेटांपैकी एखादं गाळा, पण गालाक्सिदीला दोन रात्री राहा आणि डेल्फी तिथून करा. अथेन्स ते डेल्फी साधारण 180 किलोमीटर आहे, म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन सहा तास बसमध्येच गेले. उरलेल्या वेळात जेवण, खरेदीचा स्टॉप आणि मधल्या फटीत डेल्फी. अपोलो देवाच्या ज्या प्राचीन तीर्थाला ग्रीक लोक पृथ्वीची नाभी मानायचे ती जागा अशी उरकायची नसते.

आमच्याकडे हा निर्णय नणंदेच्या मिस्टरांनी घेतला होता. भाऊजी प्लॅनिंगमध्ये पक्के, एक्सेल शीट वगैरे, आणि मी "खाली समुद्राकाठी एक गाव आहे, तिथे एक रात्र राहूया का" असं विचारलं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "समुद्र काय आपल्या मालवणात नाही का?" विषय संपला. मग सकाळी अथेन्सहून निघालेली ती मोठी बस, डेल्फीला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर, आणि आमच्यासारख्याच अजून कितीतरी बसेस. म्युझियममध्ये रथीच्या ब्राँझच्या पुतळ्यासमोर एवढी गर्दी की मला त्याचं फक्त डोकं दिसलं. आणि त्या पुतळ्याचे पाय बघण्यासारखे आहेत हो, अंगरख्याच्या सरळ चुण्यांखालून बाहेर आलेली अनवाणी पावलं, एकेक बोट, एकेक नख घडवलंय, रथात उभा असल्यामुळे खरं तर जे कोणाला दिसणारच नव्हतं तेसुद्धा. ते मला नंतरच्या वेळी दिसलं, कारण तेव्हा मी सकाळी आठला दार उघडताना तिथे उभी होते.

त्या बसच्या दिवशी एकच गोष्ट पदरात पडली. वर थिएटरपर्यंत चढलो, मागे वळून बघितलं तर खाली दरीत राखाडी-हिरवी ऑलिव्हची झाडं, नुसती झाडंच झाडं, आणि ती जिथे संपतात तिथे पाणी चमकत होतं. गाइडला विचारलं ते काय, तर म्हणाली इतेआचा उपसागर, कोरिंथच्या आखाताचा भाग, चला खाली, बस निघायची वेळ झाली.

माझं ठाम मत आहे की डेल्फी समुद्राकडूनच बघायला हवं. कारण लोक तिथे समुद्राकडूनच यायचे. आज इतेआ या बंदरगावाच्या शेजारी किर्रा म्हणून जागा आहे, ते जुन्या काळी डेल्फीचं बंदर. अपोलोच्या जुन्या स्तोत्रातली कथाच अशी आहे की देवाला पुजारी हवे होते, तर त्यानं डॉल्फिनचं रूप घेतलं, क्रीटच्या खलाशांच्या जहाजावर उडी मारली, ते जहाज याच आखातात आणलं आणि त्या खलाशांना आपले पुजारी केलं. म्युझियममधल्या वस्तू बघा: स्फिंक्स नाक्सोस बेटाच्या लोकांनी दिलेली, सिफ्नोस बेटाच्या लोकांच्या खजिना-घराची शिल्पं, आणि तो रथी सिसिलीतल्या गेला शहराच्या राज्यकर्त्यानं अर्पण केलेला. यातल्या कितीतरी गोष्टी पाण्यावरून आल्या आणि मग बंदरातून डोंगरावर चढवल्या गेल्या. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुरुवातीला युद्ध झालं त्याचं कारण म्हणूनसुद्धा हेच सांगतात की किर्राचे लोक येणाऱ्या यात्रेकरूंकडून पैसे उकळत होते. किर्रा उद्ध्वस्त केलं आणि खालचं मैदान अपोलोला वाहून टाकलं, तिथे शेती करायची नाही असा नियम घातला. आज त्याच मैदानात आम्फिसाचं ते ऑलिव्हचं रान आहे, दहा लाखांहून जास्त झाडं आहेत असं सांगतात. तुम्ही गालाक्सिदीहून निघालात की आधी समुद्राच्या कडेकडेनं इतेआ, मग हे रान, मग वळणं घेत घेत वर डेल्फी. सगळं मिळून 35 किलोमीटरच्या आसपास. बसच्या ट्रिपवाल्यांना पार्नासोस पर्वताच्या बाजूनं डोंगरातूनच आणतात आणि डोंगरातूनच परत नेतात, त्यांना यातलं काही कळायचा संबंधच नाही.

नंतर मी बाबांना घेऊन गेले. फक्त आम्ही दोघं. बाबा सत्तरी पार केलेले, मालवणचे, आणि बाबांचे आजोबा गलबतावर तांडेल होते. मालवणहून मंगळूर, तिथून कौलं भरून मुंबई, असा त्यांचा फेरा. बाबांनी ते गलबत स्वतः कधी बघितलेलं नाही पण त्यांच्या वडिलांकडून इतकं ऐकलंय की बघितल्यासारखं बोलतात. गालाक्सिदीत एक सागरी म्युझियम आहे, छोटंसं, त्यात जहाजांची चित्रंच चित्रं लावलेली आहेत, कारण इथले कप्तान आपापल्या जहाजाचं चित्र काढून घेऊन घरात लावायचे. बाबा एकेका चित्रासमोर थांबून मला सांगायला लागले, ही डोलकाठी, हे शीड वारा मागून असेल तेव्हाचं, हा दोर इथून इथे का बांधलाय. काउंटरवरची बाई आधी लांबून बघत होती, मग उठून आली आणि आम्हाला जहाजांच्या नाळेवर लावायच्या लाकडी बायकांच्या मूर्ती होत्या तिथे घेऊन गेली. एकीचं नाक पार झिजलेलं, रंगाचे पापुद्रे सुटलेले, पण छातीवरचा निळा रंग अजून शाबूत. बाबांनी हात मागे बांधले, मला म्हणाले, हात लावावासा वाटतोय पण लावायचा नसतो.

गाव काय होतं ते समजून घ्या. एकोणिसाव्या शतकात हे ग्रीसमधलं मोठं जहाजी गाव होतं, इथेच जहाजं बांधायचे, इथलेच कप्तान, इथलेच खलाशी. 1821 च्या स्वातंत्र्ययुद्धात ऑटोमन आरमारानं गाव जाळलं आणि जहाजं नेली. लोकांनी परत उभं केलं. बंदरालगत कप्तानांची दुमजली दगडी घरं दिसतात ती बहुतेक त्या जळितानंतरची. मग वाफेची जहाजं आली, इथले लोक शिडाला धरून राहिले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सगळं थांबलं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गावाची एक बखरसुद्धा आहे, एफ्थिमिओस नावाच्या भिक्षूनं 1703 मध्ये लिहिलेली, तिचं हस्तलिखित 1864 मध्ये सापडलं. तिच्यातही हल्ले, लुटालूट आणि परत वसणं हेच.

संध्याकाळी धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ पिवळं जाळं मांडीवर घेऊन दुरुस्त करत बसले होते. त्यांना इंग्लिश येत नाही, बाबांना ग्रीक येत नाही. बाबा शेजारी जाऊन बसले आणि जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात, दोन बोटं घालून बघितली. त्या गृहस्थांनी मान हलवली आणि पिशवीतून दुसऱ्या जाळ्याचं टोक काढलं, त्याचा आस मोठा. मग हातानं मासा दाखवला, एवढा एवढा. मग बाबांनी दाखवला. असं ते किती वेळ चाललं कोण जाणे, मी पलीकडे कॉफी घेऊन बसले होते, थंड झाली. मी बाबांना एवढं रमलेलं आई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

आणि यावर दिवाळीत सगळे जमलेले असताना भाऊजी काय म्हणाले, "मेलेलं बंदर बघायला एवढा खर्च." बाबांसमोर. मी तेव्हा गप्प बसले कारण सण होता आणि नणंद समोर होती. पण आज कोणीतरी तोच प्रश्न विचारलाय तर बोलते. जे गाव जाळल्यावर परत बांधलं, जहाजं गेल्यावरही कप्तानांची घरं पाडून हॉटेलांचे टॉवर उभे केले नाहीत, चित्रं आणि मूर्ती जपून ठेवल्या, ते मेलेलं कसं? दरवर्षी त्यांच्या मोठ्या उपासाच्या पहिल्या सोमवारी अख्खं गाव रस्त्यावर उतरून एकमेकांवर रंगीत पीठ फेकतं, तोंडाला काजळी फासून, घरांना आधीच प्लास्टिक गुंडाळून ठेवतात, पार आपली रंगपंचमी. मेलेल्या गावात असं होत नाही. आणि खर्चाचं म्हणाल तर दोघांच्या त्या बस ट्रिपच्या पैशात तिथे सीझन नसताना बंदरालगत चांगली खोली मिळते.

आता तुमचं बाकीचं. शाकाहाराची काळजी सोडा. ग्रीक लोकांचे धार्मिक उपास भरपूर, त्यामुळे मांस-दूध-अंडं नसलेले पदार्थ टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत, असतातच. 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाचं, म्हणून विचारा. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांच्या उपासाला ऑक्टोपस, कालवं, कोळंबी चालतात, त्यामुळे पुढे "मासे-बिसे काहीच नको" हे वेगळं सांगा. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल, सासूबाईंना आवडेल. मोठ्या पांढऱ्या शेंगदाण्यांसारखे दिसणारे बीन्स टोमॅटोत भाजलेले असतात ते घ्या. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी लिंबू पिळून. भात भरलेले टोमॅटो घ्यायचे तर आत खिमा नाही ना ते विचारून घ्या. तुम्ही स्वतः मासे खात असाल तर ताजा मासा किलोवर असतो, आधी वजन करून भाव विचारायचा, यात लाजायचं काही नाही, तिथले लोकही विचारतात.

दोन रात्री म्हणजे मधला एक पूर्ण दिवस. त्या दिवशी सकाळी आठला डेल्फी, आधी साइट मग म्युझियम, दुपारी आराहोवा या डोंगरातल्या गावात जेवून (तिथलं फोर्माएला नावाचं चीज भाजून देतात) संध्याकाळी परत खाली बंदरावर. अथेन्सला परतताना वाटेत ओसिओस लुकास हा मठ करा, अकराव्या शतकातली मोझेक आहेत, सोनेरी पार्श्वभूमीवरची, आणि तिथे गर्दी जवळजवळ नसते. त्याच वाटेवर दिस्तोमो लागतं, 10 जून 1944 ला जर्मन एसएसच्या तुकडीनं तिथे 218 गावकरी मारले, बायका-मुलांसकट. टेकडीवर स्मारक आहे. मी जर्मनीत राहते, माझ्या ऑफिसात कोणालाही हे नाव माहीत नव्हतं, म्हणून मी मुद्दाम सांगते की थांबा. तिसरी रात्र मिळाली तर पश्चिमेला नाफपाक्तोस, व्हेनिसवाल्यांच्या तटबंदीतलं इवलंसं बंदर, 1571 च्या लेपांतोच्या आरमारी लढाईचं लेपांतो ते हेच नाव. पुढे 2004 मध्ये सुरू झालेला रिओ-अँतिरिओ पूल, आखातावरून पलीकडे पेलोपोनीज द्वीपकल्पावर जायला.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, आता लिहिते. गालाक्सिदीला वाळूचा किनारा म्हणावा असा नाही, खडे आणि खडक, पायात रबरी बूट घाला. पाणी मात्र नितळ. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर डेल्फीत थिएटरच्या वर स्टेडियमपर्यंत नेऊ नका, अपोलोच्या देवळापर्यंतसुद्धा चांगला चढ आहे. मात्र म्युझियम सपाट आहे, ते पूर्ण दाखवा. आराहोवा ते इतेआ वळणं बरीच आहेत, कोणाला गाडी लागत असेल तर गोळी आधी द्या. अथेन्सहून डेल्फी-इतेआकडे बस आहे पण गालाक्सिदीपर्यंतच्या फेऱ्या कमी, सीझनप्रमाणे बदलतात, म्हणून चौघं असाल तर भाड्याची गाडी घ्या, भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट लागेल. ऑगस्ट आणि शनिवार-रविवार टाळा, अथेन्सचे लोक येतात आणि भाव वाढतात. हिवाळ्यात काही टॅव्हर्ना बंद असतात. आणि सासू-सासऱ्यांनी आयुष्यभर सॅन्टोरिनीचे निळे घुमट बघायचं मनात धरलं असेल तर त्यांना तिथेच न्या, माझं ऐकू नका.

खोली घेताना वरच्या आळीत स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, आगोरा नावाच्या मुख्य बंदराच्या काठावरच घ्या, म्हणजे पलीकडच्या पाइनच्या झाडांपर्यंतचा सपाट रस्ता सासऱ्यांना सकाळ-संध्याकाळ एकट्यानं चालता येईल, तुम्हाला सोबत जावं लागणार नाही. आणि घरातल्या त्या "कोणीतरी"ला तिकिटं काढून झाल्यावरच सांगा.