केमोची मळमळ: आलं चालेल, काढा आधी डॉक्टरांना दाखवा

ताई, सासूबाईंना इस्लामपूरहून मिरजेला केमोला नेता, घरी आल्यावर दोन दिवस मळमळ-उलट्या आणि पुढे जुलाब होतात, पाहुण्यांनी वैद्यांकडचा काढा आणून दिलाय, तो द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या बहिणीची केमो मी जवळून पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

काढा आत्ता सुरू करू नका. आलं मात्र द्या, डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवूनच.

केमोमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि उलटीचा निरोप मेंदूकडे जातो. ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचं औषध हाच निरोप अडवतं. आल्यातले तिखट घटकही थोडंफार तेच करतात. अमेरिकेतला २०१२ साली प्रसिद्ध झालेला ५७६ रुग्णांचा अभ्यास आहे. उलटीच्या गोळ्या सगळ्यांनाच होत्या. त्यांच्या जोडीला केमोच्या तीन दिवस आधीपासून रोज अर्धा ते एक ग्रॅम आलं घेणाऱ्यांची पहिल्या दिवसाची मळमळ सगळ्यांत जास्त उतरली. दीड ग्रॅमने त्याहून जास्त फायदा झाला नाही, तेव्हा वाटीभर रस पाजू नका. पाव चमचा सुंठ दिवसभरात पुरते. आमच्या सातारी आल्याची पातळ चकती सैंधव लावून चघळली तरी बरं वाटतं. तोंड आलं असेल तर ती चरचरते, मग सुंठ पेजेतून द्या. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल, तर आल्याचंही आधी विचारा.

आता काढा. त्यात काय काय आहे हे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. वैद्यांना कमी लेखायचं नाही. पण ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं की पोटॅशियम उतरतं, आणि उलट्या-जुलाबांनी ते आधीच उतरलेलं असतं. गुळवेलीने काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, आणि केमोची बरीच औषधं यकृतातूनच जातात. कोरफडीचा घरी काढलेला रस रेचक, तो तर नकोच. गव्हांकुराचा कच्चा रसही पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना जंतुसंसर्गाचा धोका. सांगलीची हळद भाजी-आमटीत खुशाल घाला. हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत.

जुलाबावर कुटजारिष्ट हे कुड्याच्या सालीचं आयुर्वेदिक औषध आपल्याकडे जुनंच. पण हे जुलाब बाधल्याचे नसतात, केमोने आतड्याचं अस्तरच दुखावलेलं असतं. भाताची मिठाची पेज, मऊभात, ओआरएस घोट घोट द्या. दूध आणि तळकट थांबवा. जुलाब थांबवायची गोळी डॉक्टरांनी सांगितली तशीच द्या.

उलटीच्या गोळ्यांनी कधी उलट बद्धकोष्ठही होतं. तेव्हा इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, पाणी पोटात टिकत असेल तरच.

जुलाबाबरोबर ताप १००.४ च्या वर गेला, लघवी कमी झाली किंवा पाणीही टिकेना, तर रात्र असली तरी लगेच दवाखान्यात न्या. केमोची फाइल सोबत ठेवा आणि काढा दिला असेल तर तेही सांगा.