दुपारी माना टाकणारा टोमॅटो आणि पाण्याची वेळ

नारायणगाव भागातून आलेला प्रश्न: "साहेब, उन्हाळी टोमॅटोला रोज सकाळी ठिबकने पाणी देतो, तरी दुपारी बारा-एकला झाडं माना टाकतात. दुपारी परत ठिबक सोडू का? आणि रात्रपाळीची लाईट असते त्या आठवड्यात रात्री पाणी दिलं तर चालेल का?" शिरूरच्या एका ताईंनी काकडीबद्दल हेच विचारलं आहे.

दादा, दुपारी मोटार चालू करू नका. आधी एकदा दिवस उगवायच्या आत प्लॉटवर जा. पानं ताठ आहेत का बघा. पानाच्या दातेरी कडांच्या टोकांना टाचणीच्या डोक्याएवढे थेंब दिसले, तर ते दव समजू नका. दव पानभर पसरतं. हे थेंब झाडाच्या आतून आलेले असतात. रात्री पानांची रंध्रं (पाणी वाफ होऊन उडतं ती बारीक छिद्रं) बरीचशी मिटलेली असतात, मुळं मात्र पाणी घेतच राहतात आणि जादा पाणी असं कडेने बाहेर पडतं. थेंब दिसले म्हणजे मुळाशी ओल आहे. उलट पहाटेही पानं मलूल असतील, तर मात्र पाणी कमी पडतंय किंवा मुळांना रोग आहे. एक झाड उपटून मुळं बघा.

दुपारी काय होतं? पानातून पाणी उडतं त्या वेगाने मुळं ते पुरवू शकत नाहीत. मग झाड रंध्रं आवळतं, पानं लोंबतात, ऊन कलल्यावर परत ताठ होतात. शिवाय झाडाला स्वतःचं घड्याळ असतं. 1729 मध्ये फ्रान्समधल्या द मेराँ या शास्त्रज्ञांनी लाजाळूसारखं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. रंध्रांचंही तसंच आहे. सतत उजेडात ठेवलेल्या झाडातही ती काही दिवस साधारण 24 तासांच्या तालावर उघडझाप करतात. उजाडायच्या आधीच झाड दिवसाच्या तयारीला लागलेलं असतं, म्हणून त्या वेळी मुळाशी ओल तयार हवी.

भारी काळ्या जमिनीत दुपारचं जादा पाणी फार महाग पडतं. नोकरीच्या सुरुवातीला मीच एका प्लॉटला ते सुचवलं होतं. वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) मोडला, मुळं गुदमरली, झाडं पिवळी पडली. त्या माउलीचा चेहरा मी विसरलेलो नाही. मुठीत दाबल्यावर मातीचा गोळा होत असेल, तर त्या दिवशी पाणी पुढे ढकला. मुरमाड जमिनीत ओल टिकत नाही. तिथे तेवढंच पाणी दोन हप्त्यांत द्या, मोठा हप्ता पहाटे.

रात्री ठिबक चालेल, पाणी जमिनीतच राहतं. तुषार, म्हणजे फवाऱ्याने पाणी, मात्र रात्री नको. पानं ओली राहिली की करपा रोग आलाच. फळं रंगावर असताना आधी ताण आणि मग एकदम भरपूर पाणी, असं केलंत तर फळं तडकतात. आणि आपल्या जुन्नर तालुक्यात बिबट्याची भीती आहे, तेव्हा मोटार चालू करायला रात्री एकटं शेतात जाऊ नका. ऑटो स्विचला टायमर बसवून घ्या.

पुरंदरहून ड्रॅगन फ्रूटबद्दल विचारणा आहे. हे निवडुंगाच्या कुळातलं पीक रंध्रं रात्री उघडतं आणि दिवसा मिटतं. म्हणून त्याला पाणीही रात्रीच द्यावं असं नाही. ते खोडात पाणी साठवतं. टोमॅटोइतकं रोजचं पाणी त्याला देऊ नका, बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, नाहीतर खोड सडतं.