पाठ केलेली भाषणं आणि ३५ मिनिटांचा तास

प्रश्न: सर नमस्कार. मी हायस्कूलला मराठी शिकवते. नववीत वादविवाद घेतला, विषय 'मोबाईल शाप की वरदान'. दोघं अनुकूल, दोघं प्रतिकूल, चौघंही भाषण पाठ करून आले, एकमेकांकडे बघितलं पण नाही. बाकीची ५४ मुलं गप्पा मारत बसली. ३५ मिनिटांच्या तासात खरा वादविवाद होतो का हो?
– एक शिक्षिका, तासगाव

उत्तर: मॅडम, होतो. पण आधी त्या शाप-वरदानाला सुट्टी द्या. पोरांनी तो निबंध सहावीपासून इतक्यांदा लिहिलेला असतो की 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' म्हणून गाडी सुटली की ती 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' याच स्टेशनला थांबते, मधे कुणाला चढता येत नाही. तुमच्याकडे वादविवाद झालाच नाही, लागोपाठ चार वक्तृत्वं झाली. रागावू नका, मी स्वतः कितीतरी वर्षं हेच केलंय आणि वर बक्षिसं पण वाटलीत.

विषय असा घ्या की ज्यावर घरी जेवताना आवाज चढतो. आपल्या भागात काय तोटा आहे? पावसाळ्यात सांगलीतलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं की आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका ४५, मग 'दरवेळी पुरात जाणारी घरं उठवून दुसरीकडे वसवावीत' हा विषय टाका आणि बघा, कुणीतरी म्हणणारच की गोठा इथं, रान इथं, आम्ही झोपायला तेवढं लांब जायचं का. उसाला ठिबक सक्तीचं करावं, हाही चालेल. दहावीला इतिहासाच्या सरांना सोबत घेऊन टिळक-आगरकरांचा वाद घ्या, आधी समाजसुधारणा की आधी स्वराज्य, आगरकर तर आपल्या कराडजवळच्या टेंभूचे, आणि या भांडणापायी केसरी सोडून १८८८ ला त्यांनी सुधारक काढला, म्हणजे विषय किती पेटला होता बघा.

माझा सगळ्यात चांगला तास झाला तो बैलगाडी शर्यतीवर, रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी. आदल्या दिवशी फळ्यावर माहिती लिहून दिली, दोन्ही बाजूंना तीच: २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी, २०१७ ला राज्याने कायद्यात केलेली दुरुस्ती, डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी, मे २०२३ ला घटनापीठाने कायदा ग्राह्य धरला. बाजू मात्र तास सुरू झाल्यावर चिठ्ठी काढून. पाठांतराला औषध म्हणाल तर हे एकच, कुठली बाजू वाट्याला येणार हेच माहीत नसेल तर पोरगं पाठ काय करणार?

तर एकाच्या घरी शर्यतीचा खोंड, आणि त्यालाच चिठ्ठी आली 'शर्यती बंद कराव्यात'. म्हणाला सर बदलून द्या. नाही म्हटलं. उभा राहिला, कंपासपेटीचं झाकण उघड-मीट उघड-मीट, आणि मग हळूच म्हणाला, "शर्यतीच्या गर्दीतनं आणला की आमचा खोंड दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही." सगळा वर्ग चिडीचूप. समोरच्या मुलीकडे गोवंश, परंपरा, ग्रामीण अर्थव्यवस्था असं सगळं तयार होतं, ते तिने बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मग बंदी होती तेव्हा तुमच्या दावणीला खोंड होता का?" नव्हता. "शर्यत नसती तर तो कधीच खाटकाकडे गेला असता." झाला की वादविवाद सुरू! (दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले, पोराला हे काय शिकवताय म्हणून. चहा पाजला, ती चिठ्ठी दाखवली, तरी पुरतं पटलं नाही त्यांना. तेवढी तयारी ठेवा.)

अजून एक नियम, यावर मात्र अडून बसा. उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, त्याने 'हो, मी हेच म्हणालो' म्हटलं तरच पुढे बोलायचं. हे माझं डोकं नाही, जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, नीट मांडायचा आणि मगच खंडन, तेच हे. सुरुवातीला पोरं वैतागतात, पण त्यासाठी ऐकावं लागतं ना.

त्या ५४ जणांना कागदाचा तुकडा द्या. सुरुवातीला आपलं मत लिहायचं, शेवटी परत लिहायचं, आणि मत फिरलं असेल तर कुणाच्या कुठल्या वाक्यानं फिरलं ते. ज्या बाजूनं जास्त मतं फिरवली ती जिंकली, आवाज कुणाचा मोठा ते बघायचं नाही. वेळेचं म्हणाल तर मांडणी तीन-तीन मिनिटं, मोठा वाटा प्रश्नांना, आणि घंटा नसेल तर स्टीलची ताटली आणि चमचा, शिपाईमामांकडे मिळतो.

प्रश्न: सर, मी दहावीत आहे. भाषण चांगलं होतं पण समोरच्याने मधेच प्रश्न टाकला की मी एकदम ब्लँक होतो. काय करू?
– एक विद्यार्थी, विटा

उत्तर: अरे, त्याचाच प्रश्न त्याला परत विचार, 'म्हणजे तुझं म्हणणं असं आहे का की…', तेवढ्यात श्वास घ्यायला वेळ मिळतो. त्याचा मुद्दा बरोबर असला तर सरळ 'हे मान्य' म्हण आणि पुढचं बोल, त्यानं काही बिघडत नाही. आणि अख्खं भाषण लिहून नेऊच नकोस, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द बास. माझ्या एका विद्यार्थ्यानं तळहातावर लिहून आणले होते, घामानं सगळे पुसले गेले आणि त्या दिवशी तो सगळ्यात झकास बोलला. पण तू मुद्दाम तसं करायला जाऊ नको.