बिलावर स्लिपर नको, सँडल लिहा

ताई, इंग्लंडला 30 जोड कापशी कोल्हापुरी चपला पाठवायच्या आहेत, बिलावर ‘लेदर स्लिपर’ लिहू की ‘लेदर सँडल’, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझी पहिली ऑर्डर आठवली. सँडलच लिहा. आयात-निर्यातीचा आयईसी नंबर, बँकेचे कागद तुम्ही केलेच असतील, ते सोडतो.

आपल्याकडे मागं पट्टा असल्याशिवाय कुणी सँडल म्हणत नाही, म्हणून हात अडखळतो. तिकडं ती अट नाही. पट्ट्यांचं, बोटं उघडी ठेवणारं, बाहेर घालायचं ते सँडल. स्लिपर म्हणजे थंडीत घरात घालायचं मऊ, उबदार पायताण.

मी स्लिपर लिहिलं होतं. माल पाठवणाऱ्या ऑफिसात दोनदा विचारलं, तर म्हणाले, ‘काय फरक पडतो, चप्पलच की!’ वर मालाचा प्रकार सांगणारा कस्टमचा कोडही त्यांनी जुन्या कुणाच्या तरी बिलावरून उतरवला. माल तिकडच्या कस्टममध्ये अडकला. रोज फोन करायचो, रोज एकच उत्तर: ‘प्रोसेसमध्ये आहे.’ तीन आठवडे. जुलैचा माल, नीट वाळलेला नव्हता. पेटी उघडली तेव्हा चपलांचे कान, वेणी, सगळ्यावर बुरशी. कारागिरांचे पैसे मी खिशातून दिले. त्या ऑफिसनं साधी चूकही कबूल केली नाही, याचा राग आजही आहे.

म्हणून कोड स्वतः वाचा. 6403.20 मध्ये चामडी तळ आणि पावलावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामडी पट्टे, असं वर्णन आहे. आपलीच चप्पल! हे सहा आकडे सगळीकडं तेच, पुढचे देशागणिक बदलतात. तळाला टायर किंवा रबर असेल तर मात्र हा कोड लावू नका. मी कस्टमचा जाणकार नाही, एकदा तज्ज्ञाला दाखवाच.

नुसतं ‘लेदर सँडल’ही मला पटत नाही. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपलांना तेवढंच म्हटलं आणि आपलं नाव गाळलं, तेव्हा केवढा संताप झाला! ‘कोल्हापुरी लेदर सँडल’ लिहा. जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं चिन्ह मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तरच लावा.

ऑस्ट्रेलियाचं गिऱ्हाईक ‘थाँग’ म्हणेल, त्यांच्याकडं ती अंगठ्याची चप्पल. इंग्लंडच्या बिलावर तो शब्द घालू नका, तिथं ते अंतर्वस्त्र. आणि पेटीवर, बिलावर, पॅकिंग लिस्टवर एकच शब्द ठेवा. माझ्या पेटीवर सँडल होतं, बिलावर स्लिपर.