ख्रिस्तप्रसादासाठी किती समज हवी?

प्रश्न : मी वसई तालुक्यातील एका विशेष शाळेत शिकवते आणि रविवारी पॅरिशमध्ये (आमच्या स्थानिक चर्चमध्ये) धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर ताबा नसणे) असलेला अकरा वर्षांचा एक मुलगा दोन्ही ठिकाणी माझ्याकडेच आहे. तो बोलत नाही आणि त्याला मान सावरता येत नाही. ‘त्याला कळतच नाही, मग प्रथम ख्रिस्तप्रसाद कशाला?’ असे काहीजण म्हणतात (ख्रिस्तप्रसाद म्हणजे चर्चच्या उपासनेत ख्रिस्ताचे शरीर व रक्त म्हणून स्वीकारली जाणारी भाकर व द्राक्षारस). त्याची आई मात्र आशेने विचारत राहते. तिला काय सांगू? शिवाय, आमच्या शाळेतील बहुतेक मुले हिंदू व मुस्लीम आहेत. त्यांच्यासमवेत ख्रिस्ती प्रार्थना करावी का?

उत्तर : त्या मातेला सांगा की तिच्या मुलाचा ख्रिस्तप्रसादाच्या मेजावर हक्क आहे. बाप्तिस्मा झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या प्रत्येकाला ख्रिस्तप्रसाद देता येतो व दिलाच पाहिजे, असे १९८३च्या कॅथलिक चर्च कायदासंहितेचे कलम ९१२ स्पष्टपणे सांगते. पुढच्याच कलमात मुलांना पुरेसे ज्ञान आणि तयारी असावी अशी अट आहे, आणि आक्षेप घेणारे नेमके तिच्यावर बोट ठेवतात; परंतु त्याच वाक्यात ‘आपापल्या कुवतीप्रमाणे’ हे शब्दही आहेत, ते सहसा कोणी वाचत नाही. पोप दहावे पायस यांनी १९१० साली लहान मुलांसाठी हे दार उघडले, त्यापूर्वी अनेक ठिकाणी मुलांना दहा, बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत ताटकळत ठेवले जाई, आणि त्यामागेही ‘अजून समज नाही’ हेच कारण होते.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली ‘साक्रामेंतुम कारितातिस’ या पत्रात आणखी पुढचे पाऊल टाकले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या, बाप्तिस्मा व दृढीकरण (बाप्तिस्म्यातील विश्वास पक्का करणारा संस्कार) झालेल्या व्यक्तींना शक्य तेथे ख्रिस्तप्रसाद मिळावा, कारण त्या आपल्या कुटुंबाच्या आणि सोबतच्या समुदायाच्या विश्वासातही तो स्वीकारतात, असे त्यांनी लिहिले. (आपल्याकडे दृढीकरण नंतर होते, म्हणून त्याविषयी पॅरिशच्या फादरांशी आधीच बोलून घ्यावे.) मार्कच्या शुभवर्तमानात पक्षाघाती माणसाला चौघे छतातून खाली सोडतात, तेव्हा येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला असे म्हटले आहे; खाटेवरच्या माणसाने तोवर एक शब्दही उच्चारलेला नव्हता. शिवाय, न बोलणाऱ्या मुलाला काही कळत नाही हे ठरवले कोणी? सेरेब्रल पाल्सीमध्ये वाचेचे स्नायू साथ देत नसतानाही बुद्धी शाबूत असू शकते, हे तुम्ही शिक्षिका म्हणून जाणताच.

त्यामुळे तयारी प्रश्नोत्तरे पाठ करून घेण्याची नसावी. दर रविवारी त्याला त्याच जागी, वेदी दिसेल असे बसवा. तेच गीत, तीच मेणबत्ती, तोच हाताचा स्पर्श असू द्या. भाकर उंचावली जाताना त्याची नजर तिकडे वळते का, अंग सैल पडते का, हे पाहत राहा. ख्रिस्तप्रसादाविषयीचा त्याचा आदर अशा खुणांतूनच व्यक्त होईल.

एका गोष्टीत मात्र अजिबात घाई करू नका. कोरडी ओस्ती (ख्रिस्तप्रसादाची पातळ, गोल भाकर) टाळूला चिकटते आणि गिळण्यास त्रास असलेल्या मुलाला ठसका लागून जीव गुदमरू शकतो. म्हणून अभिमंत्रित न केलेल्या ओस्तीचा बारीकसा तुकडा घेऊन, त्याची आई आणि थेरपिस्ट यांच्या देखत, तो रोज जेवताना ज्या स्थितीत बसतो त्याच स्थितीत सराव करा. अगदी लहान कणातही ख्रिस्त संपूर्ण असतो. घन पदार्थ जमतच नसेल, तर कलम ९२५प्रमाणे केवळ द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद देता येतो. परंतु काही मुलांना पातळ द्रव पदार्थच अधिक धोक्याचे ठरतात, तेव्हा तो निर्णय थेरपिस्टला विचारूनच घ्यावा.

शाळेतील इतर मुलांविषयी माझे मत ठाम आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३)नुसार शासनमान्य वा अनुदानित शाळेत, पालकाच्या संमतीवाचून, कोणत्याही अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. ज्या मुलाला ‘नको’ म्हणता येत नाही, उठून वर्गाबाहेर जाता येत नाही, त्याच्या बाबतीत तर ही मर्यादा आपण कायद्याहूनही काटेकोरपणे पाळली पाहिजे. त्यांना वेळेवर भरवणे, त्यांचे कपडे बदलणे, त्यांच्या खुणांची भाषा शिकणे हीच तेथील तुमची ख्रिस्ती सेवा आहे, आणि त्यासाठी त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेण्याची गरज नाही.