डॉल्फिनसोबत पोहण्याचं आमिष

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला गणितात ९६ आणि विज्ञानात ८१ गुण मिळाले. देवमासे आणि डॉल्फिन वाचवण्याचं काम करायचं, असं ती आठवीपासून म्हणतेय. आम्ही तिला समजावलं की आधी मेडिकलला जा, जीवशास्त्र तेच असतं, पुढे हवं तर मरीन बायोलॉजी कर. पण ती रोज रात्री तासभर लॅपटॉपवर पाण्याखालच्या पांढऱ्या देवमाशांचे फोटो बघत त्यावर खुणा करत बसायची. त्याचे पैसे मिळत नाहीत. शाळेत ‘क्रूर मच्छीमार’ या विषयावर निबंध लिहून तिने बक्षीसही आणलं. शेवटी तिच्या बाबांनी गेल्या महिन्यात लॅपटॉप काढून घेतला. तिचा अगदीच हिरमोड नको म्हणून मी म्हटलं, बारावीला नव्वद टक्के आण, आपण परदेशात जाऊन डॉल्फिनसोबत पोहू. त्यावर ती रडायलाच लागली. तेव्हापासून आमच्याशी कामापुरतं बोलते. मरीन बायोलॉजीला स्कोप आहे का? मेडिकल करून तिकडे वळता येईल का?
— एक आई

उत्तर : ताई, तुम्ही शेवटी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं छोटी आहेत, ती पुढे देते. पण पत्र वाचताना मी अडकले ती डॉल्फिनसोबत पोहण्याच्या वाक्यापाशी. ती का रडली हे तुम्हाला अजून उमगलेलं नाही, असं पत्राच्या सुरावरून वाटतं. म्हणून आधी तेवढंच बोलू.

पर्यटकांना पोहण्यासाठी म्हणून जे डॉल्फिन ठेवलेले असतात, ते टाकीत किंवा जाळी लावून अडवलेल्या पाण्याच्या तुकड्यात आयुष्य काढतात. मोकळ्या समुद्रात हा प्राणी कळपाने राहतो, दिवसभरात कितीतरी किलोमीटर फिरतो, स्वतः काढलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून भक्ष्य शोधतो. त्याला असं कोंडून त्याच्यावर तिकीट लावण्याला जगभरातल्या सामान्य माणसांनी विरोध केला, आणि त्या विरोधाला यशही आलं. भारताच्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांसाठी केंद्रं उघडायला परवानगी द्यायची नाही असं ठरवलं. अमेरिकेतल्या सीवर्ल्ड या सागरी प्राण्यांच्या करमणूक उद्यानांच्या कंपनीने २०१६ मध्ये ओर्कांची (म्हणजे ‘किलर व्हेल’ची) पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं. कॅनडाने २०१९ मध्ये देवमासे आणि डॉल्फिन करमणुकीसाठी कोंडून ठेवण्यावर कायद्यानेच बंदी आणली. तुमची मुलगी आठवीपासून या विषयात बुडालेली आहे. तिला हे सगळं माहीत असणार. ज्या गोष्टीचा तिला मनापासून त्रास होतो, तीच तुम्ही तिच्यापुढे बक्षीस म्हणून ठेवलीत.

तुमचा हेतू प्रेमाचाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण एवढ्या वर्षांत ‘तुला नेमकं काय करायचंय?’ असं घरात तिला कुणी बसून विचारलं नाही, हे त्या एका वाक्यातून तिला कळलं. ती रडली ती त्यामुळे. टक्क्यांची अट मला आणखी खटकते. आवडीचं काम गुणांच्या बदल्यात द्यायचं ठरवलं की मूल गुण आणतंही, पण त्या कामाविषयी घरात बोलणं बंद करतं. तुमच्याकडे ते सुरू झालेलं आहे.

आता लॅपटॉप. तुमच्या वर्णनावरून ती ‘बेलुगा बिट्स’ नावाच्या प्रकल्पात काम करत असावी असा माझा अंदाज आहे. कॅनडात हडसन उपसागराला मिळणाऱ्या चर्चिल नदीच्या मुखाशी उन्हाळ्यात बेलुगा देवमासे मोठ्या संख्येने येतात. तिथे होडीला लावलेला कॅमेरा पाण्याखालची दृश्यं टिपतो. त्यातली हजारो चित्रं जगभरातले स्वयंसेवक तपासतात. चित्रात देवमासा आहे की नुसतं हिरवट पाणी? किती आहेत? पिल्लू आहे का? (पिल्लं करड्या रंगाची असतात, वयात येताना पांढरी होत जातात.) अंगावर जखमेचा व्रण आहे का, ज्यावरून तोच प्राणी पुढच्या वर्षी ओळखता येईल? एक चित्र अनेक जण बघतात आणि सगळ्यांची उत्तरं जुळवून पाहिली जातात. कंटाळा न करता रोज तासभर असं नीट बघत राहणं पुष्कळ मोठ्या माणसांनाही जमत नाही. त्याला तुमच्या घरात वेळ घालवणं म्हटलं गेलं.

अशा कामातून काय हाती येतं, ते तिच्या बाबांना सांगा. हंपबॅक देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूवरची काळीपांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. पर्यटकांनी, नावाड्यांनी, संशोधकांनी काढलेले या शेपट्यांचे फोटो ‘हॅपीव्हेल’ या उपक्रमात २०१५ पासून गोळा होत आहेत. त्या फोटोंच्या आधारे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की उत्तर प्रशांत महासागरातले हंपबॅक २०१२ ते २०२१ या काळात सुमारे २० टक्क्यांनी घटले. समुद्र विलक्षण तापला तेव्हा त्यांचं खाद्य कमी पडलं, असं संशोधकांचं म्हणणं आहे. शिकार थांबल्यावर वाढत चाललेली संख्या पुन्हा खाली येतेय ही गोष्ट एरवी इतक्या लवकर कळली नसती.

फोटोंवरून संख्या कशी काढतात? एक सोपं, कल्पित उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी ५० देवमासे ओळखले. दुसऱ्या वर्षी ४० दिसले आणि त्यांतले २० आधीच्या यादीतले निघाले. म्हणजे यादीतले प्राणी एकूण संख्येच्या निम्मे आहेत, आणि एकूण संख्या १००च्या आसपास आहे. प्रत्यक्षात जन्म, मृत्यू, स्थलांतर, चुकीची ओळख हे सगळं धरून हिशेब बराच अवघड होतो. तो संख्याशास्त्राचा हिशेब आहे. तुमच्या मुलीचे गणितातले ९६ गुण तुम्ही पत्रात एकदा लिहिलेत आणि पुढे त्यांचं नावही काढलं नाहीत.

यातच तुमचा मुख्य गैरसमज आहे. समुद्री प्राणी वाचवायचे म्हणजे जीवशास्त्र आणि जीवशास्त्र म्हणजे मेडिकलचा रस्ता, अशी साखळी तुम्ही मनाशी धरली आहे. तिच्या दोन्ही कड्या कच्च्या आहेत. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातातला वाकिटा हा छोटा पोरपॉइज (डॉल्फिनसारखाच दिसणारा, त्याच्या नात्यातला प्राणी) बघा. १९९७ मध्ये ते सुमारे ५७० असावेत असा अंदाज होता, आता दहाच्या आसपास उरलेत. तो कशाने मरतो हे कधीच कळलेलं आहे. तोतोआबा नावाच्या माशासाठी लावलेल्या जाळ्यांत तो अडकतो आणि श्वास घ्यायला वर येता न आल्याने गुदमरतो. जाळ्यांवर बंदी आली, तरी ती पडत राहिली, कारण तोतोआबाच्या वाताशयाला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, चोरट्या बाजारात प्रचंड भाव आहे आणि किनाऱ्यावरच्या कुटुंबांना पोट भरण्याचा दुसरा धड मार्ग वेळेवर मिळाला नाही. तिथे जीवशास्त्राचं ज्ञान कमी पडलं नाही. कमी पडली ती कायद्याची अंमलबजावणी, पर्यायी जाळी आणि कोळ्यांशी वेळेत झालेली बोलणी. उलट अमेरिकेच्या मेन आखातात १९९४ साली मच्छीमारांना सोबत घेऊन एक प्रयोग झाला. जाळ्यांना पिंगर म्हणजे टिकटिक आवाज करणारी छोटी यंत्रं लावली. आवाज चालू असलेल्या जाळ्यांत २ पोरपॉइज अडकले, बंद यंत्रांच्या जाळ्यांत २५. ही यंत्रं करायला ध्वनितज्ज्ञ लागला, प्रयोगाचा आराखडा करायला गणिती लागला आणि जाळी टाकायला मच्छीमारच लागले. आणि देवमाशांच्या ज्या गाण्यांनी जग हललं, ती बर्म्युडाजवळ पाण्यात ध्वनिग्राहक सोडून टिपली होती फ्रँक वॉटलिंग्टन या अमेरिकी नौदलाच्या अभियंत्याने. जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी त्या आवाजांचा अभ्यास केला, १९७० मध्ये ती गाणी ध्वनिमुद्रिकेवर लोकांपर्यंत पोचली, देशोदेशी माणसं रस्त्यावर उतरली आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला.

तेव्हा तुमच्या प्रश्नांची उत्तरं. मेडिकल करून तिकडे वळता येतं का? येतं, पण उमेदीची वर्षं दुसऱ्याच कामाच्या तयारीत जातात, आणि डॉक्टरकीची तिला ओढ असल्याचं पत्रात कुठेही नाही. तिला मेडिकलला घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बारावीनंतर संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात पदवी आणि मग सागरी विज्ञान किंवा परिस्थितीशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, हा सरळ रस्ता आहे. माझा कल संख्याशास्त्राकडे आहे.

स्कोपबद्दल खरं तेच सांगते. कायम नोकऱ्या थोड्या आहेत. सुरुवातीला दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांवर काम करावं लागतं, पगार बेताचा असतो, अनुदान संपलं की पुन्हा शोध सुरू होतो. कामाचा मोठा भाग संगणकासमोर आणि बैठकांत जातो. मात्र संख्याशास्त्र पक्कं असलेल्या माणसाला आरोग्य, हवामान, विमा अशा अनेक ठिकाणी काम मिळतं. देवमाशांचं काम मिळेपर्यंत तिचं घर चालेल. तुमची काळजी हीच असेल, तर तिचं उत्तर मेडिकलपेक्षा इथे जवळ आहे.

थोडं तुमच्या लेकीसाठीही लिहिते, हे तिला वाचायला द्या. बाळ, तुझ्या निबंधाचं शीर्षक मला पटलं नाही. जाळ्यात अडकून दरवर्षी किमान ३ लाख देवमासे, डॉल्फिन आणि पोरपॉइज मरतात असा अंदाज आहे. पण मच्छीमार त्यांना मारायला जात नाही. अडकलेला डॉल्फिन त्याची जाळी फाडतो, त्याचा दिवस बुडतो. जखमी प्राणी सगळ्यात आधी त्यालाच दिसतो आणि जाळं कापून सोडवतोही तोच. त्याला क्रूर म्हटलंस तर तो पुढच्या वेळी कुणाला काही सांगणार नाही, मेलेला डॉल्फिन गुपचूप पाण्यात ढकलून देईल, आणि तुझ्या आकड्यांतून तो मृत्यू निसटेल. या क्षेत्रात राहायचं असेल तर त्याच्याशी बोलायला शीक. दुसरं, कधी किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन किंवा देवमासा आलेला दिसला, तर शेपटी किंवा पंख धरून ओढायचं नाही, वरच्या श्वासरंध्रात पाणी जाऊ द्यायचं नाही, गर्दी मागे हटवायची, त्वचा ओली ठेवायची आणि वन विभागाला लगेच कळवायचं. ही माहिती मैत्रिणींनाही दे. माणसं जमतात ती मदतीच्या भावनेने, पण नेमकं काय करायचं हे त्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असतं.

ताई, लॅपटॉप परत करा, आणि तो तिच्या बाबांनीच परत करावा. अभ्यासाच्या वेळेबद्दल काही ठरवायचं असेल तर तिच्याशी बोलून ठरवा. मग एक रात्र तिच्या शेजारी बसा आणि ती फोटोंवर काय खुणा करते ते तिलाच विचारा. पन्नासेक चित्रं तुम्हीही तिच्यासोबत तपासा. त्या रात्री मेडिकलचा विषय काढू नका. पोहण्याचा बेत मात्र तुम्ही स्वतःहून रद्द करा आणि का रद्द केला तेही तिला सांगा. मेडिकलच्या शिकवणीचा पुढचा हप्ता भरायचा असेल, तर तो भरायचा की नाही ते या बोलण्यानंतरच ठरवा.